ब्लर न होणारा तुकडा

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. एकदोघांच्या लेखाखाली खोचक कमेंटही केल्या आहेत मी. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त चेष्टेपुरता. आई पालिकेच्या शाळेतून रिटायर झाली, रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेते आणि अंगात येणं, करणी, नजर असल्या विषयांवर तिचं भाषण सुरू झालं की मुलं घड्याळाकडे बघायला लागतात. मी तिचीच मुलगी. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय... तरी लिहिते.

आम्ही हडपसरला राहतो, गाडीतळापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर. जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि आई दोघीच. पप्पा मी शाळेत असतानाच गेले. (हे वाचून काहीजण लगेच एक अंदाज बांधतील. थोडं थांबा, त्याचंही सांगते.)

माझ्या आधीच्या कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. बरेच महिने घरी बसल्यावर एक काम मिळालं – विमा घेतलेल्या लोकांच्या तक्रारी चॅटवर सोडवायच्या, घरून. अटी मात्र कडक. लॅपटॉप स्वतःचा हवा. शिफ्टभर कॅमेरा चालू. खोलीत तुमच्याशिवाय कोणी नको, कारण समोर ग्राहकांची खासगी माहिती असते. मागचं घर दिसू नये म्हणून बॅकग्राउंड ब्लर ठेवायचं. आणि त्यांचं एक सॉफ्टवेअर सतत लक्ष ठेवून असतं – फ्रेममध्ये दुसरं माणूस आलं की स्क्रीन आपोआप लॉक.

नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती. मैत्रिणीने शनिवार पेठेतलं एक दुकान सांगितलं, जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारं. भांड्यांच्या दुकानावरचा जिना, वर एक लांबट खोली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा. त्यांना इथे मी लेलेबाई म्हणते.

"बघायचाय की घ्यायचाय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी मुळात संशयी. लॅपटॉप उलटा करून स्क्रू बघितले, खालचा सीरियल नंबर बिलाशी ताडून बघितला, बिजागरी दहा वेळा उघडमीट केली.

"एवढा स्वस्त कसा?"

"महाग करून देऊ का?"

"चोरीचा नाही ना?"

"अहो, पक्कं बिल देतेय, वर वॉरंटी देतेय. चोर वॉरंटी देतो का?"

"पण आधी कोणाचा होता?"

आता त्यांनी मान वर केली. "कोणाचाच नाही. कंपनीचा लॉट आहे. तीन-चार वर्षं झाली की कंपन्या गठ्ठ्याने काढून टाकतात. तुम्ही लॅपटॉप घेताय की सोयरीक जुळवताय?"

घेतला. बसमधून मांडीवर धरून घरी आणला. घरी आल्यावर सगळं पुन्हा पुसून स्वतः नव्याने इन्स्टॉल केलं, कारण अशा लॅपटॉपमध्ये काहीतरी लपवून ठेवतात आणि मग कॅमेऱ्यातून आपल्याला बघत बसतात, असं कुठेतरी वाचलं होतं. शिफ्ट संपली की कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायची. आई हसायची. "तुझ्याकडे बघून कोणाला काय मिळणार आहे?"

सुरुवातीचे दिवस छान गेले. लॅपटॉप खरंच चांगला होता, मला तर लेलेबाईंना उगाच बोलले असं वाटायला लागलं होतं.

मग एकदा सकाळी, एका ग्राहकाशी चॅट चालू असताना स्क्रीन एकदम काळी झाली. वर पांढरी अक्षरं – दुसरी व्यक्ती आढळली. मी मागे वळून बघितलं. कोणी नाही. आई भाजी आणायला गेली होती. दाराला आतून कडी होती, मीच लावलेली.

पुन्हा लॉगिन केलं. दुपारी परत तेच. दुसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. त्यांना निखिल सर म्हणू. माझ्यापेक्षा वयाने लहान असतील, पण आवाज शाळेतल्या मुख्याध्यापकांचा.

"मॅडम, रूममध्ये कोण असतं?"

"कोणी नाही सर. मी एकटीच."

"मग सिस्टीम खोटं बोलते का?"

मीच म्हटलं, मागच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, सॉफ्टवेअर कदाचित तिलाच माणूस समजत असेल. ते म्हणाले, मग काढून ठेवा. आईला सांगितलं तर तिने कमरेवर हात ठेवले.

"तसबीर हलणार नाही. टेबल हलव."

टेबल हलवलं. आता मागे नुसती रंग उडालेली भिंत, एक स्विचबोर्ड आणि त्याच्यावर गेलेली बारीक चीर. पडदा काढला, जास्तीची खुर्ची बाहेर ठेवली, खुंटीवरची ओढणीसुद्धा काढली. तरी स्क्रीन लॉक होतच राहिली.

तेव्हा सरांनी मला सॉफ्टवेअरने काढलेला फोटो पाठवला.

तो फोटो कसा होता ते नीट सांगायचा प्रयत्न करते. ब्लर चालू असलं की माणूस तेवढं स्पष्ट दिसतं आणि मागचं सगळं पुसट होतं, हे तुम्हाला माहीत असेल. फोटोत मी स्पष्ट होते. मागची भिंत पुसट होती. पण माझ्या उजव्या खांद्यामागे भिंतीचा एक तुकडा पुसट नव्हता. त्या तुकड्यात स्विचबोर्डची बटणं मोजता येत होती, भिंतीतली चीर दिसत होती. आणि त्या तुकड्याला कडा होत्या – वर गोल डोकं, खाली मान, मग दोन उतरते खांदे. जणू कोणी कात्रीने माणूस कापून घेतलाय. तिथे कोणी नव्हतं, आरपार भिंत दिसत होती. पण कॅमेऱ्याच्या मते तिथे माणूस होतं.

आता पप्पांबद्दल. ते चांगले उंच होते, दारातून वाकून यायचे. हा आकार बुटका होता, उभा असूनही बसलेल्या माझ्यापेक्षा जेमतेम वर. आईने फोटो बघून पहिलं वाक्य तेच म्हटलं – "आपल्यातलं कोणी नाही हे." मग स्वतःच दचकली आणि म्हणाली, "म्हणजे, असं कोणी नसतंच."

ऑफिसच्या आयटीवाल्यांनी दुरूनच लॅपटॉपचा ताबा घेऊन काय काय अपडेट केलं. म्हणाले, सॉफ्टवेअर चुकतं कधीकधी, खुर्चीला माणूस समजतं, उशीला समजतं. मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पण पुढच्या फोटोत तो तुकडा माझ्या जवळ आला होता. त्याच्या पुढच्यात आणखी जवळ.

आणि नेमकं त्याच सुमारास एका ग्राहकाची तक्रार आली. त्याला कोणीतरी फसवणुकीचा फोन केला होता, आणि फोन करणाऱ्याकडे त्याच्या पॉलिसीची सगळी माहिती होती. तो ग्राहक मी हाताळलेला.

निखिल सरांचा आवाज या वेळी वेगळाच होता. हळू. "मॅडम, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण तुमच्या मागे कोणीतरी उभं राहतं, आणि त्याच्या समोर स्क्रीन असते. चौकशी लागणार. कोण आहे ते आत्ताच सांगितलंत तर बरं."

काय सांगणार? आता माझी नोकरी तर जाणारच, वर चोरीचा ठपका. पुण्यात या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

मग मी प्रत्येकावर संशय घ्यायला लागले. पहिल्यांदा लेलेबाईंवर. त्यांना फोन करून सरळ विचारलं, तुम्ही आत काही टाकलंय का?

"अहो, लोकांच्या मागे उभं राहण्याएवढा वेळ असता तर दुकान कशाला टाकलं असतं?" फोन बंद.

मग शेजारच्या काकूंवर, कारण त्यांच्याकडे आमची जास्तीची किल्ली असते. मग निखिल सरांवरच – माझ्या नावावर खपवायला हे फोटो त्यांनीच केले नसतील कशावरून? आणि मग... ब्रेकमध्ये आई चहा ठेवायला आत आली की मी लॅपटॉप मिटायला लागले. आईच्या ते लगेच लक्षात आलं. ती चिडली नाही. पिशवीत दोन साड्या भरल्या.

"मी लोणी काळभोरला मावशीकडे जाते. घरात मी नसेनच, तर माझ्यावर येणार नाही. तुझ्या सरांनाही सांग. आणि तुझंही समाधान होऊ दे."

"आई, मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे?"

ती गेली. मी काकूंकडून किल्ली परत आणली. दाराला आतून कडी, वरून साखळी. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले आणि नवल म्हणजे लंचब्रेकपर्यंत एकदाही स्क्रीन लॉक झाली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण याचा अर्थ काय होतो ते तुम्हालाही कळलं असेल. म्हणजे आईच?

ब्रेकमध्ये आईला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल चार्जिंगला होता म्हणून लॅपटॉपवरूनच लावला, ब्लर तसंच चालू राहिलं. पलीकडे मावशीचा फोन, त्यात आई आणि मावशी डोक्याला डोकं लावून. मागे अंगणात कोंबड्या. भर दुपार, आमच्या खोलीत लख्ख ऊन.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

मी हो म्हणायच्या आत मावशी म्हणाली, "आन् ती कोण हाय गं तुझ्यामागं?"

मी वळून बघितलं. नुसती भिंत.

आईने फोन जवळ ओढला, डोळे बारीक केले. "काकू आल्यात का? अगं, मग त्यांना बसायला दे की. वाकून उभ्या आहेत कधीच्या." आणि मग हसून – "काय सांगतायत एवढं कानाशी?"

मी माझ्याकडच्या छोट्या चौकोनात बघितलं. तो तुकडा आता मागे नव्हता. माझ्या उजव्या गालाला चिकटून होता. डोकं माझ्या कानावर कललेलं. डोक्याच्या आत भिंतीची चीर स्वच्छ दिसत होती.

गोष्टीत असतं तसं मला काहीही जाणवलं नाही. गार वारा नाही, वास नाही, श्वास नाही. कानाशी नेहमीसारखा पंख्याचा आवाज. तेच सगळ्यात वाईट होतं. मी हात कानाकडे नेला आणि मध्येच थांबवला... तिथे काही लागलं असतं तर?

मग कडी, साखळी कशी काढली आठवत नाही. अनवाणी बाहेर पडले. शेजारच्या काकू त्यांच्या घरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि कोथिंबीर निवडायला लागले.

आई मिळेल त्या बसने परत आली. दुपारी फोनवर काय बघितलं त्याबद्दल ती एकच वाक्य बोलली, "मला खरंच काकू वाटल्या गं." मग पदर खोचून स्वतः लॅपटॉपसमोर बसली. ब्लर चालू करून बराच वेळ बसली. काही नाही. एकटी आई, मागे पुसट भिंत.

"उद्या दुकानात," ती म्हणाली. "वस्तू बिघडलेली आहे. बदलून घेऊ."

त्या रात्री आम्ही काकूंकडे झोपलो. लॅपटॉप आमच्या घरात, कपाटात, कुलपात.

सकाळी दुकान उघडताच आम्ही पोचलो. मी लेलेबाईंना फोटो दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर.

"म्हणजे तक्रार अशी की कॅमेरा गरजेपेक्षा जास्त स्पष्ट दाखवतो."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, समोर लॅपटॉप उघडला, कॅमेरा लावला. मागे त्यांचं शेल्फ, त्यावर खोकी. मी एकटीच दिसत होते. खोकी पुसट. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

"बघा, किती शहाण्यासारखा वागतोय," लेलेबाई म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं. मी उठले आणि आईजवळ जाऊन उभी राहिले. बंद करायला म्हणून लेलेबाईंनी बाजूने हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला.

स्क्रीनवर रिकामी खुर्ची दिसायला हवी होती, पुसट. खुर्ची पुसट होतीच. पण खुर्चीवर, अगदी मध्यभागी, एक तुकडा लख्ख होता. डोकं, मान, खांदे. ताठ बसलेले. त्या डोक्यातून मागच्या खोक्यांवरची नावं वाचता येत होती.

आम्ही तिघीही फ्रेमच्या बाहेर होतो. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

मग माझ्या आईने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने ती खुर्ची बघितली – खरी खुर्ची, जिच्यावर कोणीही नव्हतं – आणि हात लांब करून सरळ बैठकीवर ठेवला. जसं आपण गाडीत सीट ओली आहे का ते बघतो, तसा.

स्क्रीनवर आईचा हात आला, स्पष्ट. आणि तो तुकडा सरकला. बाजूला सरकला. बसमध्ये कोणी शेजारी बसायला आलं की माणूस जसा जागा करून देतो, तसा.

लेलेबाईंनी लॅपटॉप मिटला. आईने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. खुर्ची कोरडीच होती, नंतर तिने मला सांगितलं. बाकी काही लागलं का, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"दुसरा देते," लेलेबाई म्हणाल्या. "याच्यापेक्षा चांगला. वरचे पैसे नकोत." बिलावर त्यांनी सही केली ती दोनदा चुकली.

पुढचं थोडक्यात. ऑफिसची चौकशी झाली. माहिती बाहेर गेली होती ती वेगळ्याच टीमकडून, तिथला माणूस सापडला. निखिल सरांनी माझी माफी मागितली. पण त्या फोटोंबद्दल ते आजही "सॉफ्टवेअर इश्यू" एवढंच म्हणतात, आणि विषय बदलतात. दुसऱ्या लॅपटॉपवर एकदाही काही झालं नाही. आईसुद्धा सॉफ्टवेअरमधला दोष असंच म्हणते. विहारातला वर्ग चालू आहे, भाषणही चालू आहे. फक्त एकदा तिने मला विचारलं होतं, "दोष असेल तर तो सरकेल कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता भांडी घासायला गेली.

गेल्या महिन्यात चार्जर घ्यायला लेलेबाईंकडे गेले होते. राहवलं नाही, विचारलं.

"तो विकला का?"

"नाही."

"त्याच लॉटमधले बाकीचे?"

"सगळे विकले. एकाचीही तक्रार नाही."

"मग तो कुठे आहे?"

"आहे आत." त्या चार्जरची वायर गुंडाळत होत्या. "मी रोज दुकान उघडलं की एकदा लावून बघायचे. खुर्चीवर असायचंच. सवय झाली होती म्हणा ना. मग एक दिवस लावला तर खुर्ची रिकामी. सगळं पुसट, अगदी नियमाप्रमाणे. त्या दिवसापासून मी तो उघडलेला नाही."

मला हायसं वाटलं. "मग चांगलंच झालं की. गेलं."

लेलेबाईंनी चार्जर पिशवीत घातला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. चेष्टेचा मागमूस नव्हता.

"अहो, गेलं खरं. पण कुठे गेलं, ते कळायला नको का?"

मला कळलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला हे कॅमेऱ्याचं तंत्र समजत असेल, तर जरूर लिहा. मी खोचक उत्तर देणार नाही.